मुलाच्या एफडीचे व्याज कुणाच्या माथी?

गेवराई तालुक्यातल्या उमापूरला एक शिक्षिका आहेत असे समजू. नवरा वारला, पदरात नववीतला मुलगा. पगार वर्षाला 11,40,000 रुपये. विम्याचे पैसे एफडीत ठेवलेले. 2025-26 सालचे त्यावरचे व्याज 1,20,000. बँकेने त्यातून 10 टक्के, म्हणजे 12,000 रुपये टीडीएस कापला. ते परत मिळतील का?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आईला हाच प्रश्न पडला, तर तिच्या फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ असा वेगळा रकाना असतो. 2025 साठी एकट्या माणसाला 15,750 डॉलरची सरसकट वजावट, तर मूल सांभाळणाऱ्या एकट्या पालकाला 23,625 डॉलरची. आपल्याकडे असे काही नाही. बायकांना करमाफीची मर्यादा थोडी जास्त असायची, तीही 2012-13 पासून गेली. एकल पालकत्वाचा खर्च आपल्या कायद्याला दिसतच नाही.

तरी बाईंचा हिशेब चांगला जमतो. नव्या कररचनेत पगारातून 75,000 वजा, उरले 10,65,000. व्याज मिळवले की 11,85,000. चार लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या चार लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, उरलेल्या 3,85,000 वर 10 टक्के म्हणजे 38,500. एकूण 58,500. पण उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्याने कलम 87अ खाली सगळा कर माफ. कापलेले 12,000 पुरते परत, वर दरमहा अर्धा टक्का व्याज.

आता मुलाच्या नावावरची एफडी. तिचे व्याज 30,000. पन्नास हजारांच्या आत म्हणून बँकेने टीडीएस कापला नाही आणि बाईही विसरल्या. अज्ञान मुलाचे असे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात धरतात. दोघे पालक असतील तर ज्याची कमाई जास्त त्याच्या, आणि लग्न मोडले असेल तर मुलाला सांभाळणाऱ्याच्या. एकल पालकाची दखल कायदा घेतो ती इथे, कर लावताना! (मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावले असेल तर ते मात्र त्याचेच.)

म्हणजे बाईंचे उत्पन्न 12,15,000. माफी गेली. दिलासा एवढाच, की बारा लाखांवर जेवढी रक्कम जाते त्याहून जास्त कर लागत नाही. म्हणून 15,000, अधिक 4 टक्के उपकर 600. टीडीएसचे 12,000 वळते केले, तरी बाईंनाच 3,600 भरावे लागतात.

‘रिफंड वाढवून देतो’ म्हणणारे एजंट अशा वेळी खोट्या देणग्या दाखवतात. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने देशभर 150 ठिकाणी अशांचीच झडती घेतली. खोट्या वजावटीचा दंड एजंटाला नव्हे, पॅनकार्डवाल्याला बसतो. तेव्हा विवरणपत्र भरण्याआधी 26एएस आणि वार्षिक माहितीपत्रक उघडा, मुलाचे बँक पासबुक शेजारी ठेवा, आणि भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करा. ती राहिली तर विवरणपत्र वेळेत भरल्याचे धरले जात नाही.