पाळणाघराची फी : संकोच आणि हिशेब

कटंगीसारख्या लहान गावात मूल शेजारी ठेवून बाहेर जाणे ही पूर्वी विचारून करण्याची गोष्ट नव्हती. बालाघाटहून नॅरोगेजची लहान गाडी येत असे, त्या काळी आई बाजार करून परतेपर्यंत पोर कोणाच्याही ओसरीवर खेळत असे. त्याच्या हातावर पोह्यांचा घास ठेवणाऱ्या काकूंना कोणी "किती झाले?" असे विचारले असते, तर त्यांनी तो अपमानच मानला असता. आता लोहमार्ग रुंद झाला आणि घरे मात्र लहान झाली. सासूबाई खेड्यावर शेती पाहतात, नणंद नागपूरला असते, आणि सून शाळेत, दवाखान्यात किंवा बँकेत नोकरी करते. तासाभराचा सांभाळ नऊ तासांचा झाला. तरीही पैशाचा विषय निघाला की आमची जीभ त्या जुन्या ओसरीवरच अडखळते. या अडखळण्यापायी एक चांगले पाळणाघर बंद पडलेले आम्ही पाहिले आहे. त्या दोषात आमचाही वाटा असल्यामुळे ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या आळीत एक काकू राहतात. यजमान वारल्यावर, मुलगा परगावी असल्याने, घरात त्या एकट्याच होत्या. शेजारच्या शिक्षिकेला बाळंतपणानंतर कामावर रुजू व्हायचे होते. ती काकूंकडे आली आणि म्हणाली, "काकू, महिन्याचं काय द्यायचं ते सांगून टाका." काकू म्हणाल्या, "अगं, तू काय परकी आहेस? द्यायचं ते दे." महिनाअखेरीस पाकिटातून पाचशे रुपये आले. पुढे दुसरे मूल आले, तिसरे आले. प्रत्येक घराने पहिल्या घराला विचारले आणि पाचशेच दिले. पाचवे मूल आमचे होते. आम्हीही पाचशे रुपये दिले आणि आपण रीतीप्रमाणे वागलो, असे समाधान मानून घेतले.

दोन वर्षे अशी गेली. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा, महिन्याचे सव्वीस दिवस. दूध, बिस्किटे, साबण, गॅस हे सारे काकूंच्याच घरचे. मग हळूहळू काकूंच्या बोलण्यात एक कोरडेपणा आला. मूल घ्यायला उशीर झाला की त्या दार उघडत, पण बोलत नसत. एके दिवशी त्यांनी पाचही घरांना सांगितले, "गुडघे दुखतात. पुढल्या महिन्यापासून जमायचं नाही." गुडघे खरोखरच दुखत होते, पण ते निम्मेच कारण होते. त्या महिन्यात शिक्षिकेला बिनपगारी रजा घ्यावी लागली. आणखी एका घरच्या सुनेने दुकानातली नोकरी सोडली, ती तिला परत मिळाली नाही. आमच्या मुलाने कित्येक दिवस सकाळी चपला घालून काकूंच्या दाराकडे धाव घेतली.

पुष्कळ दिवसांनी आम्ही काकूंकडे जाऊन बसलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "पैसे थोडे होते याचं तेवढं वाटलं नाही. पण दोन वर्षांत कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि मीही तोंड उघडलं नाही, ते माझं चुकलं." त्या दिवशी आम्ही वही काढून हिशेब मांडला. पाच मुलांचे अडीच हजार रुपये येत होते. खाऊ, इंधन आणि धुण्यापुसण्याचे साहित्य यांवर सुमारे अकराशे खर्च होत होते. उरले चौदाशे. सव्वीस दिवसांचे नऊ तासांप्रमाणे २३४ तास होतात. म्हणजे एका तासाला काकूंच्या पदरी सहा रुपयांहूनही कमी पडत होते. आकडा वाचून आम्हां दोघांनाही काही वेळ बोलवले नाही.

कोणी म्हणेल, मायेला दर कसा लावायचा? आमचे म्हणणे असे की मायेला दर लावूच नये. फी ही मायेची नव्हे, ती वेळेची, श्रमांची आणि जबाबदारीची असते. मूल रडले म्हणून काकू त्याला मांडीवर घेतात, त्याचे पैसे कोणी मागत नाही. पण त्या नऊ तासांत त्या दुसरे कोणते काम करू शकत नाहीत, गावाला जाऊ शकत नाहीत, दुपारी डोळा मिटू शकत नाहीत. याची किंमत असते, आणि ती कोणीतरी भरतच असतो. सांगितली नाही तर ती काकू एकट्याच भरतात.

या कामाचे मोल समाजाने कधीच ओळखले नाही, असेही नाही. आमच्या बालाघाट जिल्ह्यात मॅंगनीजच्या खाणी आहेत. खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर असावे म्हणून १९६६ साली स्वतंत्र नियम झाले. १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघराची सक्ती होती, आणि १९७६ साली ती मर्यादा तीसवर आणली गेली. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही अशीच तरतूद होती. या साऱ्यांत सांभाळाचा खर्च मालकावर होता, आईवर नव्हता. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्याने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. म्हणजे मुले राखणे हे माती खणण्याच्या बरोबरीचे काम आहे, असे कायद्याने मान्य केले.

मात्र कटंगीतल्या दुकानात, लहान शाळेत किंवा दवाखान्यात पन्नास माणसे नसतात. अंगणवाडी असते, पण ती नोकरीचा पूर्ण दिवस भरून काढीत नाही. म्हणून गाठ पडते ती काकूंशीच. आणि तेथे पालक सरकारी पाळणाघराचा दाखला देतात की तिकडे फी किती थोडी! २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दरमहा २० रुपये, बारा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १०० रुपये आणि त्यावरील कुटुंबांना २०० रुपये असे दर होते. पण या दरांच्या मागे सरकारी अनुदान उभे होते. काकूंच्या मागे कोण उभे आहे? शिवाय त्याच योजनेत सेविकेचे मानधन दरमहा तीन हजार रुपये होते. दिवसाचे साडेसात तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर तासाला सुमारे पंधरा रुपये पडतात. तेव्हा सरकारी दर हा अनुकरणाचा आदर्श मानण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष फी कशी ठरवावी? आम्ही काकूंबरोबर बसून जी रीत बसवली, ती सांगतो. यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकीने आपल्या गावचे भाव घालून ते बदलावेत.

प्रथम स्वतःचा मेहनताना धरावा. बहुतेक भगिनी आधी खर्च मांडतात आणि उरेल ते आपले समजतात. ते उलट करावे. समजा, मेहनताना सहा हजार धरला. २३४ तासांनी भागता तो तासाला पंचवीस-सव्वीस रुपये येतो, म्हणजे फार नव्हे. नंतर खर्च धरावा. घर स्वतःचे असले तरी मुलांनी व्यापलेल्या खोलीचे आठशे रुपये, वीज व गॅस पाचशे, साबण, फिनेल, चटया आणि खेळणी यांचे पाचशे, आणि आजारपण किंवा मोडतोड यांसाठी बाजूला टाकायचे पाचशे. हे तेवीसशे झाले. एकूण आठ हजार तीनशे.

ही रक्कम किती मुलांत वाटायची, हा खरा प्रश्न आहे, आणि चूक येथेच होते. एका बाईला पाच मुले नीट सांभाळता येतात, म्हणून पाचाने भागले तर फी १,६६० रुपये येते. पण एखाद्याची बदली होते, एखादे मूल शाळेत जाऊ लागते. एक जागा रिकामी झाली की हाती ६,६४० रुपये येतात. खर्च वजा जाता काकूंकडे ४,३४० उरतात. म्हणजे गेलेल्या मुलाची सारी फी काकूंच्या मेहनतान्यातून कापली गेली. म्हणून भागाकार खात्रीच्या मुलांनी करावा. चाराने भागले तर फी २,०७५ येते. पाचवे मूल असेल त्या महिन्यांतली वरची रक्कम रिकाम्या महिन्यांसाठी पोस्टात ठेवावी.

जेवण या फीत धरू नये. डबा घरून यावा, आणि दूध-खाऊ काकूंकडचा असेल तर त्याचा खर्च वेगळा लिहावा, नाहीतर दुधाचा भाव वाढला की काकूंचा मेहनताना घटतो. वर्षाखालच्या बाळाला दोन मुलांइतके लक्ष लागते, म्हणून त्याची फी दीडपट ठेवणे योग्य. अर्ध्या दिवसाच्या मुलाची फी सरसकट निम्मी नसावी. दुपारनंतर ती जागा दुसऱ्या मुलाला देता येत असेल तर निम्मी, नाहीतर पाऊणपट.

मूल चार दिवस आले नाही म्हणून फी कापू नये, कारण जागा त्याच्यासाठीच राखलेली असते. उलट पोळा, दिवाळी अशा ठरलेल्या सुट्यांखेरीज काकूंनी पाळणाघर बंद ठेवले, तर त्या दिवसांचे पैसे त्यांनी आपण होऊन कमी करावेत. सहानंतर येणाऱ्या पालकांना प्रत्येक अर्ध्या तासाला वीस रुपये जास्त असा नियम ठेवावा. त्यातून मिळकत व्हावी हा हेतू नाही, पालकांनी वेळेवर यावे एवढाच हेतू आहे. फी महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत आगाऊ घ्यावी. दरवाढ वर्षातून एकदाच, जूनमध्ये करावी आणि मे महिन्यात तशी सूचना द्यावी. हे सर्व वहीच्या पहिल्या पानावर लिहून, मूल ठेवण्यापूर्वी पालकांना वाचायला द्यावे. तोंडी सांगायला जड जाते ते कागदावर सोपे होते.

सवलत द्यावी का? अवश्य द्यावी. एखाद्या गरजू घराचे मूल कमी फीत ठेवणे हे पुण्यकर्मच आहे. पण ती सवलत जाणूनबुजून, आपल्याला किती झेपते ते पाहून एखाद्यालाच द्यावी. ज्यांना सहज देणे शक्य आहे अशा पाच घरांना संकोचापोटी दिलेली सवलत हे दान नव्हे.

आता पालकांना दोन शब्द. "माझा निम्मा पगार पाळणाघरातच जातो, मग नोकरी कशाला?" हे वाक्य आम्ही अनेक सुनांच्या तोंडून ऐकतो. पण मूल एकट्या आईचे असते काय? फी दोघांच्या मिळून आलेल्या मिळकतीतून वजा करावी, म्हणजे ती तितकी भारी वाटणार नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले होते. घरचा भार असा एकीकडे कललेला असताना पाळणाघराची फीदेखील तिच्याच खात्यावर टाकणे बरे नव्हे.

२४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंड या लहानशा देशातील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी एक दिवस घरचे आणि बाहेरचे सारे काम थांबवले. वडिलांना मुले घेऊन कचेऱ्यांत जावे लागले, आणि सांभाळ हे केवढे काम आहे ते त्या एका दिवसात कळले. आमच्या आळीतल्या पाच घरांना ते काकूंचे गुडघे दुखू लागले तेव्हा कळले.

काकूंनी पुन्हा पाळणाघर सुरू केले आहे. मुले चारच घेतली, आणि वहीचे पहिले पान त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले. पाचपैकी दोन घरांना नवी फी परवडली नाही, त्यांतल्या एका घरचे मूल काकूंनी ठरवून निम्म्या फीत ठेवले. दुसऱ्या घराने आपली दुसरी सोय केली, पण राग धरला नाही, कारण कारण त्यांना ठाऊक होते. नव्या वहीतली पहिली फी आम्ही भरली, तेव्हा काकूंनी नोटा मोजून घेतल्या. दोन वर्षांत त्यांनी आमच्यासमोर पैसे मोजल्याचे आम्ही प्रथमच पाहिले. मग त्यांनी मुलाचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल रे, आत चल. तुझी आई येईल सहाला." आमच्या वाचक कुटुंबांपैकी ज्यांची मुले आज एखाद्या काकूंच्या ओसरीवर आहेत, त्यांनी या महिन्यात पाकीट देण्यापूर्वी एवढेच विचारावे, "काकू, एवढ्यात तुमचं भागतं का?"