जित्याची खोड आणि उतारवयातील तंबाखू

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण आपल्याकडे हसत हसत वापरली जाते. परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या तंबाखूविषयी ती उच्चारली जाते, तेव्हा तिचा परिणाम गंभीर होतो. “इतकी वर्षे गेली, आता सोडून काय मिळणार?” असे आजोबा विचारतात, आजी मशेरीची डबी जवळ ओढतात आणि घरची मंडळीही विषय सोडून देतात. वैद्यकशास्त्राचा अनुभव मात्र या समजुतीच्या विरुद्ध आहे.

सवय कशी जडते?

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील फेरीनुसार राज्यातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २६.६ टक्के व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत होत्या. त्यांतील बहुसंख्यांची तंबाखू खाण्याची वा दातांना लावण्याची होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली भुकटी म्हणजे मशेरी. दात बळकट होतात, या समजुतीने ती सकाळी एकदा लावली जाते. पुढे दुपारी व रात्रीही तिची आठवण होऊ लागते.

याचे कारण तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य होय. ते तोंडाच्या नाजूक अस्तरातून रक्तात व तेथून मेंदूत पोहोचते. चुना मळल्यास ही क्रिया अधिक वेगाने घडते. काही तासांनी रक्तातील निकोटिन उतरले की जीव कासावीस होतो. पुढची चिमूट ही बेचैनी घालविते असे वाटते. वस्तुतः बेचैनी निर्माण करणारीही तीच असते.

साठीनंतरही लाभ

ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास १९५१ साली सुरू झाला. सर रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना सुमारे १० वर्षांचे, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६ वर्षांचे, तर साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सुमारे ३ वर्षांचे अधिक आयुष्य लाभल्याचे त्यात आढळले. हे आकडे पुरुषांचे व धूम्रपानाचे आहेत. ते मशेरीला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि तंबाखू बंद केल्यावर तोंडातील पांढरे चट्टे अनेकदा कमी होतात व कर्करोगाचा धोका कालांतराने घटतो.

सोडण्याची रीत

प्रथम एक दिवस निश्चित करावा व तो घरात सांगावा. डबी, पुडी, चुन्याची डबी दृष्टीआड करावी. चहानंतर, जेवणानंतर किंवा पारावर बसल्यावर हात आपोआप कमरेच्या चंचीकडे जातो. त्या वेळी बडीशेप वा लवंग तोंडात टाकावी, पाणी प्यावे. तल्लफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. सुपारीचा पर्याय मात्र टाळावा. तीही कर्करोगास कारणीभूत ठरते.

पहिला आठवडा कठीण असतो. चिडचिड होते, झोप लागत नाही. मशेरीवाचून पोट साफ होत नाही, ही अनेकींची तक्रार खोटी नसते. परंतु ती तात्पुरती असते. भरपूर पाणी, पालेभाज्या व थोडे चालणे यांनी ती दूर होते. हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेहाचे औषध चालू असल्यास निकोटिनची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. एखादे वेळी मन ढळून पुन्हा चिमूट घेतली गेली, तरी निर्धार सोडू नये. अनेकांची सवय दोनतीन प्रयत्नांनंतरच सुटते.

तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत जखम भरली नाही किंवा तोंड पुरेसे उघडेनासे झाले, तर विलंब न लावता रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

घरच्यांची जबाबदारी

वृद्धांना टोमणे मारून सवय सुटत नाही. चोरून सेवन मात्र वाढते. त्यापेक्षा सुटलेला प्रत्येक दिवस त्यांच्यासमवेत मोजावा. नातवाला दुकानातून पुडी आणावयास धाडण्याची प्रथा तर तत्काळ थांबवावी. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय आजोबांची पुडी आणता आणताच पुढची पिढी त्या वाटेला लागते. साठीनंतर टाकलेली डबी अशा रीतीने घरातील सर्वांत लहान मुलाचेही रक्षण करते.