खेळातील शिवी आणि खेळातील मतभेद

मोबाईलवरच्या खेळांविषयी युनियनच्या माणसाने बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही शाळा लवकर सोडलेली. जे थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु अनोळखी माणसे एका नियमाखाली एकत्र आणली जातात, आणि नियम करणारा मालक दूर कुठेतरी बसलेला असतो, तेव्हा काय काय होते हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. या खेळांत तेच चालले आहे.

प्रथम खेळ कसा असतो ते सांगतो, कारण पुष्कळांनी तो नातवाच्या हातात दुरूनच पाहिला असेल. 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' हा क्राफ्टन या दक्षिण कोरियातील कंपनीचा खेळ. त्याचा थोरला भाऊ 'पबजी मोबाईल'. त्यावर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये हे नवे नाव आले, २०२२ मध्ये तेही रोखले गेले आणि २०२३ मध्ये परत आले. शंभरेक खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात आणि शेवटी जो चमू जिवंत उरतो तो जिंकतो. चमू चौघांचा. तुमचे तीन मित्र हजर नसतील, तर यंत्र तीन परके सोबती जोडून देते. अर्ध्या तासात डाव संपतो, सोबती पांगतात, पुन्हा बहुधा भेटत नाहीत. (पैसे लावून खेळायच्या खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. तो विषय निराळा. आज त्यात शिरत नाही.)

खेळताना चौघांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. सारी गंमत आणि सारी गोम इथेच आहे. बोरिवलीच्या बाजूची गोराई वसाहत घ्या. म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने ती आखली, आणि कोकणापासून उत्तर प्रदेशापर्यंतची कुटुंबे तिथे शेजारी राहतात. खाडी ओलांडून बोटीने पलीकडे गेले की गोराई गाव. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी मंडळींची मराठी वेगळ्याच वळणाची. यांतल्या कुठल्याही मुलाने माईकवर दोन वाक्ये बोलली की तो कुठला ते कळते, आणि डाव हरू लागला की तेच त्याच्या तोंडावर फेकले जाते. कोणी 'घाटी' होतो, कोणी 'भय्या'. आम्ही मुलांच्या शेजारी बसून ऐकले आहे: ज्याला एका डावात 'घाटी' म्हटले, तोच पुढच्या डावात दुसऱ्याला 'भय्या' म्हणून हिणवतो. मुलीचा आवाज आला तर विचारूच नका. म्हणून अनेक मुली माईक बंद ठेवून खेळतात, म्हणजे खेळातला निम्मा आनंद आधीच सोडून देतात. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातील सात नामांकित खेळाडूंची भेट घेतली. त्यांत स्त्री एकच होती, छिंदवाड्याची पायल धारे.

मुले बिघडली, असे म्हणून सुस्कारा टाकणे सोपे आहे. पण चाळीच्या नळावर भांडणारी माणसेसुद्धा एक मर्यादा पाळतात, कारण उद्या पुन्हा त्याच नळावर उभे राहायचे असते. इथे उद्या नाही, चेहरा नाही, आणि आपला जय मात्र तीन परक्यांच्या हाती. 'लीग ऑफ लेजेंड्स' नावाचा खेळ चालवणाऱ्या रायट कंपनीने मानसशास्त्रज्ञ नेमून याचा शोध घेतला. नेहमीचे शिवराळ खेळाडू एकूण वाईट वर्तनाच्या सुमारे १३ टक्क्यांनाच जबाबदार निघाले. बाकीचे सारे एरवी भल्या वागणाऱ्यांकडून, एखाद्या वाईट दिवशी घडलेले! मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. प्रतिस्पर्ध्यांमधले संभाषण मुळात बंद ठेवले. ज्याला हवे त्याने कळ दाबून सुरू करावे. एका आठवड्यात वाईट बोलणे तीस टक्क्यांहून अधिक घटले. कोणाला हाकलले नाही, उपदेशही केला नाही.

शिवीगाळीचा प्रश्न असा बराचसा व्यवस्थेचा आहे. मतभेदाचा प्रश्न अवघड, कारण शिवी आणि मतभेद हे दोघे एकमेकांचे कपडे घालून हिंडतात.

२०१४ साली अमेरिकेत 'गेमरगेट' नावाचे प्रकरण झाले. खेळांविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांच्या नीतिमत्तेची चर्चा, असा त्याचा झेंडा होता. झेंड्याखाली जे चालले ते म्हणजे खेळ तयार करणाऱ्या आणि खेळांवर टीका करणाऱ्या स्त्रियांना जिवे मारण्याच्या धमक्या. काहींना घरे सोडावी लागली. अनिता सार्कीझियन या टीकाकार बाईंचे त्या ऑक्टोबरात युटा राज्याच्या विद्यापीठात व्याख्यान होते. हत्याकांडाची धमकी आली. श्रोत्यांना बंदुका आणण्यास मज्जाव करता येणार नाही, कारण राज्याचा कायदा आड येतो, असे विद्यापीठाने सांगितले. बाईंनी व्याख्यान रद्द केले. आपण इथे दर वसंतात निर्धास्त खुर्च्यांवर बसतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की खेळांत स्त्रिया शोभेपुरत्या असतात. यावर वाद घालायला कोणाची ना नव्हती.

आता उलट बाजू पाहा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात २००६ साली एका स्त्री खेळाडूने समलिंगी व्यक्तींचे स्वागत करणारा चमू जाहीर केला. ब्लिझर्ड कंपनीने तिलाच ताकीद दिली, का तर अशा उल्लेखाने इतरांना त्रास देण्याची संधी मिळेल. चोर राहिले बाजूला, घरमालकालाच कुलूप! पुढे कंपनीने माफी मागितली. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या एका व्यावसायिक खेळाडूने सामन्यानंतरच्या मुलाखतीत आपल्या शहराच्या मुक्तीची घोषणा दिली म्हणून त्याला एका वर्षासाठी बाद केले आणि बक्षिसाची रक्कम अडवली. कंपनीचे काही नोकरच निषेधार्थ बाहेर पडले. आठवड्याच्या आत शिक्षा सहा महिन्यांवर आली, बक्षीसही परत मिळाले. त्या खेळाडूने कोणाला शिवी दिली नव्हती. ज्या कलमाने शिवराळाला हाकलायचे, तेच कलम गैरसोयीचे बोलणाऱ्यावर चालले.

आम्हाला यात आमचाच इतिहास दिसतो. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला दोरा विणकराला तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना विणाई खात्यात, म्हणजे बऱ्या पगाराच्या कामावर, शिरू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघड मांडला. हा मतभेद होता, आणि तो मालकाइतकाच सहकाऱ्यांशी होता. ऐन लढ्यात घरातले भांडण नको, एकी फुटेल, हे उत्तर आम्ही युनियनच्या सभांतून इतक्यांदा ऐकले आहे की ते ऐकताच कान टवकारतात. खेळातल्या मुलीने तक्रार केली की 'वातावरण बिघडवू नकोस' म्हणतात, ते याचेच भावंड.

दुसरी गोष्ट शिक्षेची. फाटकावर 'उद्यापासून येऊ नकोस' एवढे सांगून कामगाराला घालवता येत असे, तो काळ फार जुना नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने गैरवर्तन म्हणजे काय ते लिहून ठेवणे मालकांना भाग पडले. आरोप लेखी, खुलाशाची संधी, मग शिक्षा. तो विषय आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ऑनलाईन खेळातला खेळाडू मात्र पुष्कळदा अजून फाटकावरच उभा असतो: खाते बंद, कारण मोघम. रायट कंपनीला इथेही एक गोष्ट आढळली. बाद केलेल्यास त्याचे स्वतःचे शब्द पुरावा म्हणून दाखवले, तर सुधारणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत गेले. २०११ पासून काही वर्षे त्यांनी तक्रारींचे कागद खेळाडूंपुढेच ठेवून शिक्षा की माफी यावर मते घेतली. ही पद्धत सदोष होती, पण निदान पंच खेळणाऱ्यांतलेच होते.

आमच्या वसाहतीतले एखादे मंडळ सुटीत या खेळाची स्पर्धा भरवू लागले, तर आमची सूचना अशी. नियम आधी मराठीत आणि हिंदीत लिहून भिंतीवर लावावेत. जात, प्रांत, धर्म आणि मुलींविषयीच्या शिव्यांना वेगळे कलम असावे. मंडळावर किंवा पंचांवर टीका हा गुन्हा नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. तक्रार ऐकणाऱ्या तिघांत एक मुलगी हवी आणि एक खाडीपलीकडच्या गावातला हवा. बाद झालेल्याला त्याच दिवशी कारण सांगावे, आणि शेवटच्या बोटीच्या आत त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.