डोक्यात भाषा शिरते कशी?

‘आमच्या बंड्याच्या डोक्यात इंग्रजी काही शिरत नाही हो!’ ही तक्रार आजही पांढरपेशा घरांतून ऐकू येते. जणू डोके म्हणजे डबाच, आणि काहींच्या डब्याचे झाकण जरा घट्ट! गंमत सोडली तरी प्रश्न खरा आहे. दुसरी भाषा कोणाला लवकर येईल, हे मेंदूकडे पाहून आधीच सांगता येईल काय?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शँटेल प्रॅट ह्या विदुषीने सहकाऱ्यांसह हे करून पाहिले. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. १८ ते ३१ वयाच्या १९ जणांना त्यांनी डोक्यावर विद्युत्‌लहरी टिपणारे यंत्र लावून, डोळे मिटून, पाच मिनिटे नुसते स्वस्थ बसवले. (मेंदूतल्या ह्या लहरी माणसाच्या डोक्यावरून प्रथम टिपल्या, त्या हान्स बर्गर ह्या जर्मन डॉक्टराने, १९२४ साली.) मग आठ आठवडे त्यांना संगणकावर फ्रेंच शिकवले. एका धड्याची चाचणी उतरल्यावाचून पुढचा धडा नाही, तेव्हा कोण किती झपाट्याने पुढे जातो ते आपोआप कळे. माणसामाणसांच्या वेगात जो फरक पडला, त्यातला सुमारे ६० टक्के त्या पाच मिनिटांच्या लहरींवरून सांगता आला!

हे वाचून कोणी बंड्याला घेऊन असले यंत्र शोधायला निघेल, म्हणून सांगतो. माणसे अवघी १९ होती, आणि मोजला तो वेग. सावकाश शिकणाऱ्याला भाषा येतच नाही, असे त्यातून निघत नाही.

आमच्या पालघर जिल्ह्यात तर ह्या प्रश्नाला वेगळाच रंग चढतो. डहाणू-तलासरीकडे गुजराती आहे, किनाऱ्याला मांगेली, पाड्यापाड्यांवर वारली. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेल्या कामगारांची हिंदी. बाजारात भाजी विकणारी बाई गिऱ्हाईक पाहून भाषा बदलते. तिला बहुभाषाकोविद कोणी म्हणत नाही, ही आपली रीत! हैदराबादेत सुवर्णा अल्लादी ह्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा जडलेला दिसला. निरक्षरांतही उशीर दिसलाच.

माझ्या वर्गात पाड्यावरचा एक वारली विद्यार्थी होता. इंग्रजीत दोनदा नापास झाला. त्याच्या डोक्यात भाषाच नाही, असे कोणीतरी त्याच्या बापाला सांगितले. बाप माझ्याकडे आला. ‘सर, पोराला कामाला लावू का?’ मी विचारले, घरी काय बोलतो? वारली. शाळेत? मराठी. बाजारात? गुजराती. सुटीत बोईसरला कामाला जातो, तिथे? हिंदी. ‘मग ह्या चार कोणी शिकवल्या?’ बाप म्हणाला, ‘शिकवायला कशाला लागतं? माणसं बोलतात ना.’

खरी अडचण तीच होती. त्याच्याशी इंग्रजी बोलणारे माणूस त्याला सबंध आयुष्यात भेटलेच नव्हते. भेटले होते ते फक्त पुस्तक आणि प्रश्नपत्रिका. पाच मिनिटे डोळे मिटून बसवले असते, तर ही गोष्ट कुठल्या लहरीत उमटली असती?

पोराने पुन्हा अर्ज भरला. फीसाठी मात्र त्याने कारखान्यात रात्रपाळी धरली, आणि अभ्यास कधी करायचा, हा प्रश्न शिल्लकच राहिला.