दारू सोडणाऱ्यांची बैठक: ती काय असते व कोठे शोधावी?

भाताची कापणी उरकली, भाजीपाल्याचे पैसे हाती आले, की काही घरांत आनंदाऐवजी धास्ती शिरते. बियाण्यासाठी राखलेली रक्कम गुत्त्यावर जाते आणि पुढच्या हंगामात कर्ज काढण्याची पाळी येते. अशा घरांतील मायबहिणी आम्हांस म्हणतात, "फादर, त्यांना एकदा शपथ घालाच." शपथ आम्ही देतो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिण्याची नेहमीची वेळ झाली, की त्या माणसाच्या शेजारी कोण बसणार? एकट्याने घेतलेली शपथ बहुधा तेथेच मोडते. त्याला सोबत हवी, आणि तीही या वाटेने गेलेल्या माणसांची.

बैठक म्हणजे काय?

1935 साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात एक शेअर दलाल व एक डॉक्टर भेटले. दोघेही मद्यपाशात सापडलेले. एकमेकांशी मोकळेपणाने बोलल्याने दारूपासून दूर राहता येते, असा अनुभव त्यांना आला. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजेच ए. ए., उभी राहिली. भारतात तिचे काम 1957 साली सुरू झाले.

येथे येण्यास अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. आडनाव कोणी विचारीत नाही आणि बैठकीतले बोलणे बाहेर न्यायचे नाही, असा दंडक आहे. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. बैठक चर्चच्या हॉलमध्ये भरली, तरी ती चर्चची सभा नव्हे. सर्व धर्मांची माणसे तेथे शेजारी-शेजारी बसतात. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. "आजचा दिवस पिणार नाही" एवढेच ठरवायचे. नवख्याने मागे बसून नुसते ऐकले तरी चालते.

ती कोठे शोधावी?

14446 हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे जवळच्या उपचार केंद्राची माहिती मिळते. ए. ए.च्या संकेतस्थळावर शहरावार बैठका पाहता येतात. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाला पाहावयास सांगा. व्यसनमुक्ती केंद्रांतही विचारावे. फादर जो परेरा यांनी 1981 साली मुंबईत सुरू केलेल्या 'कृपा फाउंडेशन'चे केंद्र वसईलाही आहे. पुण्यात अवचट दांपत्याने 1986 साली सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे.

घरचा माणूस परगावी असेल तर? समजा, आपला मुलगा नोकरीसाठी भोपाळला, टी. टी. नगरात राहतो. आपल्या येवल्याच्या तात्या टोपे यांचे नाव त्या वस्तीला आहे, पण मुलाला तेथे ओळखीचे कोणी नाही. त्यानेही हीच वाट धरावी. आधी 14446 वर फोन करावा, मग ए. ए.च्या यादीत भोपाळ पाहावे. तेथील हमीदिया रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही चौकशी करता येईल. बैठकीची जागा व वेळ बदलते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. 'खुली' बैठक असेल तर घरच्यांनाही बसता येते. 'बंद' बैठक फक्त पिणाऱ्यांसाठी असते. परक्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही, ही पहिल्या दिवशी सोयच ठरते.

आधी डॉक्टर

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. हात थरथरणे, घाम फुटणे येथून सुरुवात होते. पुढच्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. यात जीवही जाऊ शकतो. पूर्वी फिट आली असेल किंवा सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. बैठक हे औषध नव्हे आणि औषध ही सोबत नव्हे, दोन्ही लागतात.

घरच्यांसाठी

चहात गुपचूप घालावयाच्या पुड्या आणू नका. दारूवर उलटणारे डायसल्फिराम हे औषध नकळत दिले आणि माणूस वर प्यायला, तर जोराची उलटी होते, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो. जीवावर बेतू शकते. ते औषध डॉक्टरांनीच, रोग्याला सांगून द्यावयाचे असते.

त्याची उधारी फेडू नका, त्याच्या वतीने खोटे बोलू नका. मात्र चूल आणि मुलांची फी सांभाळा. तो बैठकीला येत नसेल, तरी तुम्ही जा. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी 'अल-अनॉन' ही निराळी मंडळी 1951 पासून आहे. पुष्कळदा आधी बायको जाऊ लागते आणि काही महिन्यांनी नवरा विचारतो, "तिकडे काय सांगतात?"

पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत जा. तो पुन्हा घसरला, तर वर्मी लागेल असे बोलू नका. पुढची बैठक कोणत्या वारी आहे, तेवढे सांगा.