मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचा वंशशोध : करारबद्ध स्थलांतराच्या नोंदवह्यांचा साधन म्हणून उपयोग

प्रस्तावना :

आपल्या पूर्वजांचे मूळ गाव कोणते, हा प्रश्न प्रत्येक समाजात विचारला जातो. स्थलांतरित समाजात मात्र तो अस्मितेचा प्रश्न बनतो. अमेरिकेतील आद्य वसाहतकारांचे वंशज जहाजांच्या याद्या, चर्चमधील नोंदी व जमिनीचे दस्तऐवज यांच्या आधारे आपली वंशावळ सिद्ध करतात. मराठी भाषकांच्या इतिहासात याच स्वरूपाचे उदाहरण म्हणजे मॉरिशसमध्ये करारबद्ध मजूर म्हणून गेलेली कुटुंबे होत. वसाहतकार जमिनीचे मालक होण्यास गेले आणि आपली माणसे दुसऱ्याच्या मळ्यावर राबण्यास गेली, हा भेद असला तरी वंशशोधाची रीत बरीचशी समान आहे. प्रस्तुत लेखात या नोंदवह्यांचे स्वरूप, त्यांच्या उपयोगाची पद्धत आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांना मजुरांची गरज होती व ती भागविण्यासाठी भारतातून करारावर मजूर नेण्याची प्रथा सुरू झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' या जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. पुढे मजुरांच्या हालअपेष्टांविषयी ओरड झाल्याने ही वाहतूक काही काळ बंद ठेवण्यात आली. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून ती शासकीय देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसला पोहोचले. ज्या ठिकाणी ते प्रथम उतरत ते पोर्ट लुईस येथील 'आप्रवासी घाट' हे स्थळ २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

मुंबई बंदरातून गेलेल्यांचे प्रमाण इतर दोन बंदरांच्या मानाने अल्प होते. त्यांतील मराठी भाषक प्रामुख्याने कोकणातील, विशेषतः रत्नागिरी व सावंतवाडी परिसरातील होते. तथापि मुंबईहून निघालेला प्रत्येक मजूर मराठी होता असे मानता येत नाही. बंदर हा केवळ प्रस्थानाचा पुरावा आहे, मूळ स्थानाचा नव्हे.

नोंदवह्यांचे स्वरूप :

शासकीय देखरेख आली आणि तिच्याबरोबर नोंदी आल्या. प्रत्येक मजुरास उतरताच एक स्वतंत्र क्रमांक देण्यात येई. नोंदवहीत त्या क्रमांकासमोर नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, शरीरावरील खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचे नाव, आगमनाची तारीख व नेमून दिलेला मळा असा तपशील आढळतो. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. मजूर पळून गेल्यास तो ओळखता यावा, हा त्यामागील हेतू होता. मळेवाल्यांच्या सोयीसाठी केलेली ही नोंद आज मजुरांच्या पणतू-खापरपणतूंच्या उपयोगी पडते, हा इतिहासाचा न्यायच म्हणावा लागेल. या वह्यांचा मोठा संग्रह मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेला आहे.

शोधाची पद्धत :

वंशशोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे करावयाचा असतो. प्रथम घरातील वडीलधाऱ्यांकडून नावे, कुलदैवत, कुळाचार व गावाविषयीच्या आठवणी टिपून घ्याव्यात. त्यानंतर मॉरिशसच्या नागरी नोंदणी कार्यालयातील जन्म, विवाह व मृत्यू यांच्या दाखल्यांच्या आधारे एकेक पिढी मागे जावे. आद्य पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या विवाह वा मृत्यूच्या दाखल्यात आप्रवासी क्रमांक मिळाला तर तो या शोधाची किल्लीच ठरतो. कारण एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असू शकतात, परंतु क्रमांक एकाचाच असतो. क्रमांकावरून मूळ नोंद व नोंदीवरून जहाज आणि गाव असा हा क्रम आहे.

मर्यादा व दक्षता :

पहिली अडचण नावाची आहे. मजुराने सांगितलेले नाव इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाच्या कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. फ्रेंच वळणात रोमन 'सी' व 'एच' ही अक्षरे मिळून 'श' असा उच्चार होतो. त्यामुळे आपण 'च' वाचतो तेथे मूळ अक्षर 'श' असू शकते. शिवाय आडनाव बहुधा नोंदविलेच गेले नाही. पहिल्या पिढीचे पाळण्यातील नावच पुढील पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणून आजच्या आडनावावरून कोकणातील घराणे ठरविणे धोक्याचे आहे.

दुसरी अडचण स्थळाची. नोंदीतील 'रत्नागिरी जिल्हा' हा आजचा जिल्हा नव्हे. १ मे १९८१ रोजी त्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. मालवणचा मजूर नोंदीत रत्नागिरीचाच असणार. आपल्या वाशीम जिल्ह्याचेही असेच आहे. तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला व १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. त्यामुळे रिसोड तालुक्यातील केनवडचा जुना कागद शोधणाऱ्यास प्रथम कागदाचा काळ व त्या काळचा जिल्हा ठरवावा लागतो.

तिसरी मर्यादा स्त्रियांची. नोंद मुख्यतः पित्याच्या नावाने चालते. त्यामुळे आईकडील वंश लवकर लुप्त होतो. प्रत्यक्षात अनेक स्त्रिया स्वतंत्र क्रमांकाने नोंदल्या गेल्या आहेत. त्यांचा शोध स्वतंत्रपणे घेतला जाणे आवश्यक आहे.

गावाकडील साधने :

मॉरिशसमधील नोंद गावाच्या वेशीपर्यंत आणते, पुढील शोध गावातच घ्यावा लागतो. कोकणात गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे जुने दप्तर, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आणि त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही साधने आहेत. वऱ्हाडात कोतवाल बुकाचे महत्त्व मोठे आहे. यांतील जुने कागद मोडी लिपीत असल्याने मोडी वाचकाचे साहाय्य लागते. येथे एक दक्षता घ्यावी. परदेशी गेलेला मनुष्य या कागदांत बहुधा सापडत नाही; त्याचे मागे राहिलेले भाऊ व पुतणे सापडतात. दोन्ही टोकांचे वडिलांचे नाव, जात व गाव जुळले तरच संबंध संभाव्य मानावा. केवळ नामसाधर्म्य हा पुरावा नव्हे.

विषयाची आजची प्रस्तुतता :

मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशस येथे सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या नागरिकांना ओ.सी.आय. कार्डाची पात्रता देण्याची विशेष तरतूद जाहीर केली. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदीस व्यवहारातही मोल आले. आपल्या विद्यार्थ्यांनाही हा अनुभव परका नाही. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यास जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी तो आजोबांच्या शाळेचा दाखला व कोतवाल बुकाची नक्कल शोधत फिरतो. एका जीर्ण पानावर त्याचा प्रवेश व शिष्यवृत्ती अवलंबून असते. मॉरिशसचा खापरपणतू आणि केनवडचा विद्यार्थी एकाच प्रकारच्या कागदाचा शोध घेत आहेत.

निष्कर्ष :

१. करारबद्ध स्थलांतराच्या नोंदवह्या हे मॉरिशसमधील मराठी कुटुंबांच्या वंशशोधाचे सर्वाधिक विश्वसनीय साधन आहे. परंतु त्या मळ्याच्या सोयीने लिहिल्या गेल्या, हे विसरता कामा नये.

२. आडनावापेक्षा आप्रवासी क्रमांक व आजच्या जिल्ह्यापेक्षा तत्कालीन जिल्हा अधिक महत्त्वाचा आहे.

३. परदेशातील नोंद व गावाचे दप्तर यांची सांगड घातल्याशिवाय शोध पूर्ण होत नाही.

४. महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी मोडी वाचनाचे वर्ग चालवावेत आणि परिसरातील शाळांची जुनी रजिस्टरे व कोतवाल बुके यांची सूची करावी. हे काम अल्प खर्चात होण्यासारखे आहे. कागद कसरीच्या तोंडी गेल्यावर मात्र कोणत्याही खर्चाने ते होणार नाही.