विश्लेषण : मोबाइलवरच्या चिन्हांची भाषा घडवणाऱ्या सुझन केअर सध्या काय करतात?

फोनमधला फोटो नकोसा झाला की बोट आपोआप कचऱ्याच्या डब्याकडे जाते. चित्रात रंग भरायचा असेल तर नजर कलंडलेली बादली शोधते. ही चिन्हे आपल्याला कोणी शिकवलेली नाहीत. शाळेत त्यांचा तास नव्हता, फोनच्या खोक्यात त्यांची यादीही नसते. तरीही अक्षरओळख जेमतेम असलेली आजी व्हॉट्सॲपवर नातवाला फोटो पाठवते आणि चुकून गेलेला पुसूनही टाकते. पडद्यावरच्या या चित्रभाषेचा माग घेत गेले तर तो वारंवार एका अमेरिकन चित्रकर्तीपाशी पोहोचतो. तिचे नाव सुझन केअर. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांचे काम सुरू असून, २०२४ मध्ये त्यांनी आपली चिन्हे चक्क सोन्या-चांदीत उतरवली.

सुझन केअर कोण?

केअर यांचा जन्म १९५४ चा, न्यूयॉर्क राज्यातील इथाका शहरातला. त्यांचे शिक्षण कलेचे. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९७८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही शिल्पकलेतील व्यंगचित्रणावर. ओनोरे दोमिए आणि क्लेस ओल्डेनबर्ग हे त्यांच्या प्रबंधाचे विषय. संगणकाशी या साऱ्याचा संबंध नव्हता. पण व्यंगचित्रकार चार रेघांत माणूस ओळखू येईल इतके नेमके टिपतो आणि बाकीचे सोडून देतो. पुढे केअर यांना नेमके हेच करावे लागले, हा योगायोग गमतीचा म्हणायला हवा.

१९८२ मध्ये त्या एका संग्रहालयासाठी रानडुकराचे पूर्णाकृती धातुशिल्प घडवत होत्या. तेव्हा अँडी हर्ट्झफेल्ड या शाळेपासूनच्या मित्राचा फोन आला. तो ॲपल कंपनीत मॅकिंटॉश नावाच्या नव्या संगणकावर काम करत होता. त्याला पडद्यासाठी काही छोटी चित्रे आणि अक्षरांचे नमुने हवे होते. मोबदला म्हणून ॲपल टू संगणक देऊ केला गेला. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीची सुरुवातच एका फुटकळ, सुट्या कामाने झाली.

चित्र काढायचे कशावर?

पडद्यावर चित्र काढण्याचे साधन तेव्हा त्यांच्या हाती नव्हते. केअर यांनी दुकानातून चौकटींची वही आणली. तिच्यात ३२ घरे आडवी आणि ३२ घरे उभी असा चौकोन आखला आणि पेन्सिलीने एकेक घर भरायला सुरुवात केली. भरलेले घर म्हणजे काळा ठिपका, रिकामे घर म्हणजे पांढरा. एकूण घरे १,०२४. करडी छटा नाही, रंग नाही, गोलाई नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशचा सगळा पडदाच मुळी ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा आणि कृष्णधवल होता.

आपल्याकडे ज्यांनी दोसुतीच्या कापडावर फुलीचा टाका घालून पोपट किंवा तुळशीवृंदावन भरले आहे, किंवा ठिपक्यांची रांगोळी काढली आहे, त्यांना ही अडचण लगेच कळेल. मोजलेल्या घरांत तिरकी रेघ नेहमी पायऱ्यापायऱ्यांची होते. पोपटाची चोच एका टाक्याने चुकली की तो कावळा दिसू लागतो. केअर यांची शिदोरीही हीच होती. धागे मोजून करायचे भरतकाम त्या आईकडून शिकल्या होत्या. बारीक तुकडे जुळवून करायच्या मोझाइकचाही त्यांना सराव होता. संगणकाच्या पडद्यावरचे ठिपके हे त्याच जुन्या कलांचे भाऊबंद आहेत, असे त्या सांगत आल्या आहेत. संगणकाच्या पिढ्यांमागून पिढ्या बदलल्या. तरी त्यांच्या कामाचा मूळ स्रोत सुई-दोऱ्यात आहे, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासात सहसा अर्ध्या ओळीत उरकली जाते.

जानेवारी १९८३ मध्ये त्या ॲपलमध्ये रुजू झाल्या. चालू होताना हसणारा संगणक, बिघाड झाल्यावर दिसणारा वात पेटलेला बॉम्ब, चित्राचा भाग निवडायचा फास, रंग ओतणारी बादली, पान सरकवणारा हात अशी चित्रे त्यांच्या वहीतून पडद्यावर गेली. बॉम्ब वापरणाऱ्यांना जवळपास कधी दिसणारच नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तो चांगलाच दिसला.

सगळेच त्यांच्या डोक्यातून निघाले असे मात्र नाही. कागद, फोल्डर, टेबल असा कचेरीचा देखावा पडद्यावर मांडायची कल्पना त्याआधी झेरॉक्स कंपनीत रुजली होती आणि ॲपलच्याच ‘लिसा’ संगणकात कचऱ्याची टोपलीही होती. केअर यांचे श्रेय वेगळे आहे. त्या कल्पनांना त्यांनी बघताक्षणी ओळख पटेल असे रूप दिले, यंत्राच्या चेहऱ्यावर थोडा मिश्कीलपणा आणला.

चांगले चिन्ह कसे ओळखायचे?

केअर यांच्या मते चांगले चिन्ह हे चित्रापेक्षा रस्त्यावरच्या फलकाला जवळचे असते. ‘पुढे वळण आहे’ सांगणाऱ्या फलकावर वळणावरचे झाड, दगड, दरी रंगवली तर ड्रायव्हर ते बघत बसेल आणि दरीत जाईल. तपशील जितका जास्त, तितके चित्र एका विशिष्ट वस्तूचे होत जाते. तपशील कमी केला की ते कोणत्याही वस्तूचे होऊ शकते.

यातली कसोटी नामांपेक्षा क्रियापदांची असते. डबा काढणे सोपे, ‘कॉपी कर’ काढणे कठीण. त्यासाठी केअर यांनी झेरॉक्सचे यंत्र काढून पाहिले, आरशात स्वतःला पाहणारे मांजरही काढून पाहिले. जमले नाही. वहीतल्या इतर पानांवर संगणक ‘बूट’ करण्यासाठी पायातला बूट आहे, ‘डीबग’साठी किडा आहे. असे शाब्दिक खेळ इंग्रजीत हसू आणतात, पण भाषेची वेस ओलांडत नाहीत. ‘बूट’ दाखवला तर पुण्यातला वापरकर्ता चपलांचे दुकान समजेल.

भारतात ही कसोटी मॅकिंटॉशच्या तीन दशके आधी आणि त्याहून मोठ्या पटावर लागली होती. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. मतदाराला उमेदवाराचे नाव वाचता येणार नाही हे गृहीत धरून निवडणूक चिन्हे आणली गेली. पुढे अनेक वर्षे निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी ती पेन्सिलीने काढत. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. कपबशी, छत्री, शिट्टी ही चित्रे ग्रामपंचायतीपासून सगळीकडे दिसतात, पण काढणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक असते?

कमांड बटणावरचे फूल कुठून आले?

ॲपलच्या कीबोर्डवर चार पाकळ्यांच्या गाठीसारखे एक चिन्ह असते. आधी तिथे कंपनीचे सफरचंद होते. मेन्यूच्या ओळीओळीत सफरचंदे दिसू लागल्यावर स्टीव्ह जॉब्ज वैतागले. बोधचिन्हाची ही उधळपट्टी थांबवा, असा त्यांचा आदेश निघाला आणि पर्याय शोधायला फार वेळ उरला नाही. केअर यांनी चिन्हांचा जाडजूड कोश उघडून पाने चाळली. स्वीडनमध्ये ‘इथे पाहण्यासारखे ठिकाण आहे’ हे सांगणारे एक चिन्ह त्यांना आवडले. त्याचे मूळ वरून दिसणाऱ्या, चार बुरुजांच्या किल्ल्यात असल्याचे त्यांना पुष्कळ नंतर कोणीतरी सांगितले. चार दशके झाली, ते चिन्ह अजून तिथेच आहे.

अक्षरांचेही असेच. मॅकिंटॉशसाठी केलेल्या फाँटना आधी फिलाडेल्फियाजवळच्या लोकल स्थानकांची नावे दिली होती. शहरांची नावे द्यायची तर जगप्रसिद्ध शहरांची द्या, असे जॉब्ज म्हणाले आणि मग शिकागो, जिनिव्हा, मोनॅको ही नावे आली. यातला शिकागो २००१ च्या पहिल्या आयपॉडच्या छोट्या पडद्यावर पुन्हा अवतरला, कारण कमी ठिपक्यांत इतके सुवाच्य दुसरे काही हाताशी नव्हते.

नोकरी सोडल्यानंतर...

जॉब्ज ॲपलमधून बाहेर पडल्यावर केअर त्यांच्या नेक्स्ट कंपनीत गेल्या. त्यानंतर मात्र त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला आणि ज्याचे काम येईल त्याचे करू लागल्या. त्यात ॲपलचा प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टही आला. १९९० च्या विंडोज ३.० साठी त्यांनी चिन्हे केली आणि सॉलिटेअरच्या पत्त्यांचा जोडही. नव्वदच्या दशकात ज्या कचेरीत संगणक आला, तिथे दुपारच्या जेवणानंतर उघडणारा तो डाव हाच. अनेकांना माऊस धरायला टंकलेखनाने नव्हे, तर बदाम-इस्पिकाने शिकवले. २००७ मध्ये फेसबुकने एक डॉलरला विकायच्या इवल्या चित्रभेटी आणल्या, त्याही केअर यांच्याकडूनच करून घेतल्या. ते दुकान २०१० मध्ये बंद झाले.

कामावर नाव कोणाचे, हक्क कोणाचा?

मॅकिंटॉशच्या चिन्हांवर केअर यांची सही नाही. सॉलिटेअरच्या पत्त्यांवरही नाही. हा खेळ लिहिणारे वेस चेरी तर तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न होते आणि त्यांना त्यावर रॉयल्टी मिळाली नाही. कोट्यवधी लोक रोज पाहतात त्या कामाचा कर्ता अनामिक राहतो, ही या धंद्याची रीतच आहे.

आपल्याकडे लोगो, ॲपची चिन्हे, दुकानाच्या पाट्या करणाऱ्या फ्रीलान्सरांसाठी हा प्रश्न पोटाचा आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, मालक असतो. मोबदला देऊन करून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र यांचा हक्कही करारात वेगळे नसेल तर करून घेणाऱ्याकडे जातो. इतर कामांचा हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता समजला जातो. हक्क विकल्यानंतरही ‘हे मी केले’ असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ कर्त्याकडे ठेवते. व्हॉट्सॲपवर ‘भाऊ, फायनल फाइल पाठव, पैसे नंतर बघू’ एवढ्यावर काम देऊन टाकणाऱ्यांनी ही तीन कलमे एकदा वाचावीत.

अलीकडे त्या काय करत आहेत?

केअर यांना श्रेय मिळाले, पण उशिरा. २०१५ मध्ये त्यांच्या चौकटींच्या वहीतली रेखाटने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडली गेली. २०१८ मध्ये अमेरिकेतील डिझायनरांच्या एआयजीए संस्थेचे पदक आणि २०१९ मध्ये कूपर ह्युइट संग्रहालयाचा जीवनगौरव मिळाला. त्या शांत बसल्या नाहीत. २०१५ मध्ये पिंटरेस्टमध्ये आणि २०२१ मध्ये ‘पोकेमॉन गो’वाल्या नायँटिक कंपनीत त्यांनी काम स्वीकारले. दरम्यान जुन्या चिन्हांच्या मर्यादित प्रती त्या स्वतः विकू लागल्या. ॲपलच्या इमारतीवर १९८३ मध्ये फडकलेला चाच्यांचा झेंडाही त्यांनी रंगवला होता. कवटीच्या डोळ्यावर सप्तरंगी सफरचंद असलेल्या त्या झेंड्याच्या प्रती त्या अजूनही हाताने रंगवून देतात.

२०२४ चे काम ॲस्प्रे स्टुडिओसाठीचे. ॲस्प्रे हे लंडनचे जुने जवाहिरे. ‘एस्केप कीज’ या संग्रहासाठी केअर यांनी नवी चिन्हे आखली आणि कारागिरांनी ती सोन्या-चांदीच्या बटणांवर घडवली. गळ्यातही घालता येतील अशी ही बटणे कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या ‘एस्केप’च्या जागी बसतात. ही चिन्हेही ठिपक्या-ठिपक्यांचीच आहेत. आजच्या पडद्यांना ठिपक्यांची टंचाई नाही, आणि धातूला तर त्यांची गरजच नव्हती.